थिजणारं तेल, तापती नळी
तेलाच्या वाटा : लेखांक ५

युगांडाला समुद्र नाही. अल्बर्ट सरोवराच्या काठी २००६ साली तेलाचा मोठा साठा सापडला, तो कसा, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. पण विहीर खणून भागत नाही, तेल बंदरावर पोचावं लागतं. त्यासाठीच ‘ईस्ट आफ्रिकन क्रूड ऑइल पाइपलाइन’ आखली गेली. युगांडातल्या होइमापासून टांझानियातल्या टांगा बंदरापर्यंत १४४३ किलोमीटर. फ्रान्सच्या टोटलएनर्जीज कंपनीचा वाटा ६२ टक्के, दोन्ही देशांच्या सरकारी कंपन्यांचा प्रत्येकी १५ आणि उरलेला ८ टक्के चिनी कंपनीचा. नळी नाही, तर तेल जमिनीतच. विरोधकांनी एकेका विहिरीशी भांडण्याऐवजी नळीच धरली, ती म्हणून.

आता या तेलाची गंमत. ते मेणचट आहे. थंडीत खोबरेलाची बाटली थिजते, तसं हे तेल नेहमीच्या तापमानालाही थिजतं. त्यामुळे सगळी नळी फोमच्या वेष्टणात गुंडाळून, सोबत विजेच्या तारा टाकून, जवळपास ५० अंशांवर गरम ठेवावी लागते. आपल्याला हे तंत्र नवीन नाही. राजस्थानात बाडमेरचं तेलही असंच मेणचट आहे आणि तेही तापत्या नळीतूनच गुजरातेत येतं. मात्र युगांडाची नळी त्याहून दुपटीने लांब. एवढा खर्च करून बसवलेली, सतत ऊब मागणारी नळी कुणी पाच-सात वर्षांत बंद करत नाही. ती वीस-पंचवीस वर्षं भरून वाहिली तरच पैसे वसूल होतात. हवामानाच्या दृष्टीने मला सगळ्यात मोठा आक्षेप वाटतो तो हाच : तेलाचा वापर उतरायला हवा त्या वर्षांचा करार आपण आजच करून टाकतो.

हिशेब अवघड नाही. पूर्ण क्षमतेने दिवसाला २ लाख ४६ हजार बॅरल. एक बॅरल तेल जळलं की ढोबळमानाने ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या वर. युगांडा स्वतः कोळसा-तेल जाळून जेवढा सोडतो, त्याच्या कित्येक पट. कंपनी उत्सर्जनाचे आकडे देते तेव्हा भर असतो बांधकाम आणि पंपिंगवर. त्या बाबतीत ही योजना काटकसरी असेलही. पण तेल काही नळीत जळत नाही.

जमिनीवरची बाजू वेगळी. या नळीला तेल पुरवणाऱ्या टोटलच्या तिलेंगा प्रकल्पात चारशेहून अधिक विहिरी आखल्या आहेत आणि त्यांतल्या काहींची ठाणी थेट मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात. नळीचा सुमारे तिसरा हिस्सा व्हिक्टोरिया सरोवराच्या पाणलोटातून जातो. त्याच पट्ट्यात, टांझानियाच्या कागेरा भागात, २०१६ मध्ये ५.९ क्षमतेचा भूकंप झाला होता.

आणि शेती. सर्वेक्षणवाले येतात, केळीचा खुंट न् खुंट, कॉफीचं झाड न् झाड मोजून नेतात आणि एक तारीख ठरते. त्यानंतर लावलेल्याचा मोबदला नाही. तेव्हा बारमाही काही लावू नका, हंगामी तेवढं पिकवा. पैसे लगेच मिळाले असते तर निभावलं असतं. कित्येकांना तीन-तीन, चार-चार वर्षं थांबावं लागलं. मटोके म्हणजे कच्ची केळी शिजवून खाणं हेच जिथलं रोजचं जेवण, तिथे केळीची नवी बाग लावायची नाही याचा अर्थ भूसंपादनाची नोटीस घरात आलेल्या कोणत्याही मराठी शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही.

युगांडाचे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांचा सवाल असा : युरोपने दीडशे वर्षं धूर सोडला, आता आमची पाळी आली तर आम्हालाच उपदेश? सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेने या नळीविरुद्ध ठराव केला तेव्हा राजधानी कंपालात संताप उसळला, तो उगीच नव्हे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नये. भारतही जागतिक परिषदांमध्ये बरंचसं हेच बोलतो. पण मग ६२ टक्के मालकी पॅरिसच्या कंपनीकडे कशी? आणि कंपालातले विद्यार्थी, ज्यांना हा उपदेश युरोपने शिकवलेला नाही, ते या नळीविरुद्ध मोर्चा काढतात तेव्हा त्यांना उचलून कोठडीत का टाकलं जातं? पावसाचं गणित बिघडलं की पहिला फटका कॉफी पिकवणाऱ्या त्यांच्याच घरांना बसणार आहे.

रस्त्यावर बोलू दिलं जात नाही म्हटल्यावर विरोधकांनी बँकांचे दरवाजे ठोठावले. ते काही अंशी फळलं. स्टँडर्ड चार्टर्डने २०२३ मध्ये अंग काढून घेतलं. इतर अनेक पाश्चात्त्य बँका आधीच बाजूला झाल्या होत्या. तरी मार्च २०२५ मध्ये, मुख्यतः आफ्रिकी बँकांच्या गटाकडून, कर्जाचा पहिला हप्ता आलाच आणि पाइप पुरणं चालू राहिलं. आता भांडण उरलं आहे ते उद्यानातल्या विहिरींचं, मोबदल्याचं आणि नळी किती वर्षं चालवायची याचं. विमा कंपन्यांनी यात काय केलं, ते पुढच्या लेखात.