एकच माप

चांगल्या माणसात थोडे दोष आणि वाईट माणसात थोडे गुण मिसळले की ‘करडे’ पात्र तयार होते, अशी समजूत आहे. मला ती पटत नाही. असे पात्र मिसळून होत नाही. लेखक कोणता प्रश्न कोणाला विचारतो, यावर ते उभे राहते. हे शिकावे बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांकडून.

१८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेने आपले नवजात मूल मारले. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. मात्र ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्राने या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीलाच झोडपले. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून उत्तर दिले.

त्यांची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. घडलेली गोष्ट त्या झाकत नाहीत, तिच्या मागे जातात. विधवेचे लग्न कोणी अडवले? तिला नादी लावणारा कुठे गेला? बदनामी एकटीच्याच वाट्याला का? मग बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष उचलतात आणि पुरुषाला लावून बघतात. बायका निर्दोष आहेत, असा त्यांचा दावा नाही. माप एकच असावे, एवढेच मागणे. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या तेव्हाच्या गाजलेल्या कादंबऱ्याही त्यांच्या तडाख्यातून सुटल्या नाहीत.

आता हेच माप विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाला (१९७२) लावा. नवऱ्याने टाकलेल्या बाईला सखाराम घरात आसरा देतो, वर आपल्या अटी आधीच स्पष्ट सांगतो. तोच तिला मारझोडही करतो. दुसरीकडे अशीच आसऱ्याला आलेली लक्ष्मी देवभोळी, मुंगीशीही मायेने बोलणारी. तिला आपण लगेच ‘चांगली’ म्हणून मोकळे होतो. पण लक्ष्मीला घालवून दिल्यावर सखारामने आणलेल्या चंपाचे परपुरुषाशी संबंध आहेत, हे त्याला सांगते ती लक्ष्मीच, आणि त्याने चंपाचा गळा दाबल्यावर प्रेत पुरायच्या मागे लागते तीही तीच. तेंडुलकरांनी तिची भक्ती खोटी दाखवलेली नाही. खरी भक्ती आणि हे क्रौर्य एकाच बाईत राहते, म्हणून तर अंगावर काटा येतो. परत घराबाहेर काढले जाण्याची तिची भीती लक्षात घेतली की तिचे वागणे कळते. ते माफ मात्र होत नाही.

कळणे आणि माफ करणे यांतली ही फट लेखकाने उघडी ठेवायची असते. ती बुजवली की पात्र मेले.

ताराबाईंचे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले होते. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापले. छोटेसेच आहे. आधी ते वाचा आणि मग ‘सखाराम’चा शेवटचा प्रवेश.