गणितांतील प्रबंध : गुरूचा प्रश्न व शिष्येचें उत्तर

शाळेंत आपण जीं उदाहरणें सोडवितों त्यांचीं उत्तरें पुस्तकाच्या शेवटीं छापलेलीं असतात. (आधीं उत्तर पाहून मग रीत रचणारेही कांहीं महाभाग असतात, त्यांच्याविषयीं येथें बोलावयाचें नाहीं.) परंतु पदवी घेतल्यानंतर जो पुढें गणिताचाच व्यासंग करितो, त्याच्या हातीं एके दिवशीं असा प्रश्न येतो कीं, ज्याचें उत्तर कोणत्याच पुस्तकांत नसतें. तें शोधून, सप्रमाण लिहून विद्वानांपुढें ठेवावयाचें, ह्यास प्रबंध म्हणतात. हा प्रबंध एका मार्गदर्शक गुरूच्या देखरेखीखालीं लिहावयाचा असतो. मग सहजच शंका येते : गुरु वाट दाखविणार, तर त्यांत शिष्याचें असें काय राहिलें? एका प्रबंधाची खरी हकीकत ऐकिली म्हणजे ह्याचा उलगडा होईल.

सोफिया कोवालेव्स्काया ही विदुषी १८५० सालीं मॉस्को येथें जन्मली. १८७० सालीं ती बर्लिनला कार्ल वायरस्ट्रास ह्या थोर गणितज्ञाकडे आली. त्यांनीं परीक्षा पाहण्यासाठीं कांहीं बिकट प्रश्न घातले. ते तिनें उत्तम रीतीनें सोडविले. पण विद्यापीठ स्त्रियांस व्याख्यानांस बसूं देईना! तेव्हां वायरस्ट्रास ह्यांनीं तिला चार वर्षें खाजगी रीतीनें शिकविलें. रविवारीं सोफियाबाईंनीं गुरुजींच्या घरीं जावें, व आठवड्यांतून एकदां गुरुजींनीं त्यांच्या बिऱ्हाडीं यावें, असा क्रम होता.

गुरुजींनीं घातलेला एक प्रश्न असा : उष्णता, ध्वनि इत्यादिकांचा प्रसार ज्या समीकरणांनीं वर्णितात, त्यांचें उत्तर अनंत श्रेढीच्या रूपानें नेहमीं मिळतें काय? मिळावें, अशी त्यांची अपेक्षा होती. सोफियाबाईंनीं उष्णतेचेंच समीकरण घेतलें आणि आरंभींची उष्णता एका साध्या अपूर्णांकानें दिली आहे असें मानिलें. मूळबिंदूपाशीं श्रेढी मांडिली असतां कालाच्या क्रमागत घातांचे गुणक असे येतात : १, २, १२, १२०, १६८०. प्रत्येक गुणक मागच्याच्या अनुक्रमें २, ६, १०, १४ पट आहे, हें कोणाही मुलास ताडून पाहतां येईल. आतां काल एक शतांश इतका अल्प घेतला, तर पहिलें पद सोडून प्रत्येक पद मागच्याच्या २ शतांश, ६ शतांश, १० शतांश असें होतें. ह्या क्रमांत पंचविसावी संख्या ९८; तोंवर पदें लहान होत जातात. सव्विसावी १०२! तेथून पदें पुन्हा वाढूं लागतात, आणि बेरजेस ठिकाणा राहत नाहीं. काल कितीही अल्प घेतला तरी हीच गत.

म्हणजे गुरुजींची अपेक्षा जशीच्या तशी खरी नव्हती. सोफियाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहींत. समीकरणाची रचना कोणत्या प्रकारची असावी, म्हणजे उत्तर निश्चित मिळतें, हेंही त्यांनीं सिद्ध करून दाखविलें. दुसरा एखादा गुरु कदाचित् रागावला असता. वायरस्ट्रास ह्यांनीं मात्र एका गणितज्ञास स्पष्ट लिहिलें कीं, प्रश्न घालणें आणि भाषेच्या चुका दुरुस्त करणें ह्यांपलीकडे ह्या प्रबंधांत आपला कांहीं भाग नाहीं.

हा व आणखी दोन, असे तीन निबंध गटिंगेन विद्यापीठाकडे पाठविण्यांत आले. त्यांपैकीं एक शनीच्या कड्यांविषयीं होता. १८७४ सालीं तोंडी परीक्षेवांचून त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. नोकरी मात्र लवकर मिळाली नाहीं. १८८४ सालीं त्या स्टॉकहोम येथें अध्यापन करूं लागल्या, व १८८९ सालीं तेथेंच त्यांस कायमचें प्राध्यापकपद लाभलें. दोनच वर्षांनीं त्या निवर्तल्या.

त्या सिद्धान्ताचा कांहीं भाग कोशी नांवाच्या फ्रेंच गणितज्ञानें पूर्वींच सिद्ध केला होता. म्हणून आज तो कोशी व कोवालेव्स्काया ह्या दोघांच्या नांवानें सर्वत्र शिकविला जातो. वायरस्ट्रास ह्यांचें नांव त्यांत नाहीं.