कळतं, पण वळतं का?

गेल्या वर्षी गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आपल्या मंडळातल्या एका मैत्रिणीने मला बाजूला घेतलं. "ताई, याच्या डोळ्यांच्या पडद्यावर डायबेटिसचे डाग निघालेत. नुसता चष्म्याचा नंबर तपासायला गेला होता गं." तिचा नवरा चौतीस वर्षांचा, आणि तीन वर्षांपासून माझा पेशंट. मग तिने जे विचारलं, ते अजून कानात आहे. "तू तर त्या डॉक्टरांच्या लेक्चर्सच्या कमिटीवर आहेस ना? हे तिथे नसतं का?"

असतं. आणि तीच खरी अडचण आहे. (हे लिहायला त्या दोघांची परवानगी घेतली आहे. नावं कुणी शोधत बसू नका.)

ती 'लेक्चर्स' म्हणजे सीएमई, कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन. डॉक्टर झाल्यावरही न संपणारा अभ्यास. इथे न्यू जर्सीत लायसन्स टिकवायला दोन वर्षांत १०० क्रेडिट्स लागतात. माझी वहिनी पुण्यात बालरोगतज्ज्ञ आहे, तिला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांत ३० भरावी लागतात. त्यामुळे आमच्या फोनवर सासू-सुनांच्या गप्पांपेक्षा क्रेडिट्सच्या गप्पाच जास्त.

आमच्या हॉस्पिटलात ही सत्रं ठरवणारी कमिटी आहे आणि मी तिच्यावर सहा वर्षं आहे. आमची पद्धत साधी होती. सत्र संपलं की बेगल खाता खाता सगळ्यांनी एक फॉर्म भरायचा: 'पुढच्या वर्षी कोणते विषय आवडतील?' उत्तरं मोजायची, वर आलेले विषय घ्यायचे. वजन कमी करायची नवी इंजेक्शनं, हृदयविकारातली नवी औषधं, अलीकडे एआय. लोक खूश, खोली भरलेली, फीडबॅकमध्ये पाचपैकी पाच. याला आम्ही 'नीड्स असेसमेंट', म्हणजे गरजांची पाहणी, म्हणत होतो.

खरं तर ती आवडींची पाहणी होती. मुलांना विचारून डबा ठरवला तर काय होईल, हे प्रत्येक आईला माहीत आहे. तरी डॉक्टरांच्या बाबतीत आम्ही वर्षानुवर्षं तेच करत होतो.

असं करू नये हे कुणाला माहीत नव्हतं, असंही नाही. १९८२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅनडातला एक प्रयोग छापून आला होता. ऑन्टारियोतल्या १६ फॅमिली डॉक्टरांना १८ आजारांची यादी देऊन विचारलं, यातलं काय शिकायला आवडेल, काय फारसं नको. मग काहींना शिक्षण लगेच दिलं, काहींना दीड वर्षाने. शिकलेल्यांचं ज्ञान वाढलं, परीक्षेत ते दिसलं. पण आवडीच्या विषयांत पेशंटवरच्या उपचारात, न शिकलेल्यांच्या तुलनेत, म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो नावडत्या विषयांत. आवडीचं माणूस एरवीही वाचतोच, असा मी त्याचा अर्थ लावते.

२००६ साली 'जामा'मध्ये आणखी एक आढावा आला. डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मत आणि बाहेरून केलेलं मोजमाप यांच्या २० तुलना त्यात होत्या. त्यातल्या १३ मध्ये दोन्हींचा मेळ फारसा नव्हता, अजिबात नव्हता, किंवा चक्क उलटा होता. ज्यांना सगळ्यात कमी येत होतं आणि ज्यांचा आत्मविश्वास सगळ्यात दांडगा होता, त्यांचा अंदाज सर्वांत चुकला. हा पेपर मी स्वतः कमिटीत वाचून दाखवला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. आणि नंतर फॉर्म वाटले.

गणपतीनंतरच्या सोमवारी मी त्या मित्राचा चार्ट उघडला. उंची पाच फूट सात इंच, वजन १५२ पौंड, म्हणजे बीएमआय २४ च्या जरा खाली. आईला मधुमेह, ही नोंद माझ्याच हातची. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते की पस्तिशीपासून सगळ्यांची साखर तपासा. त्याआधी तपासायची ती वजन जास्त आणि सोबत आणखी एखादा धोका असेल तर. 'जास्त' म्हणजे एरवी बीएमआय २५, पण आशियाई वंशाच्या माणसांसाठी २३. हा २३ चा आकडा २०१५ पासून आहे. आपल्याकडे काटकुळ्या हातापायांच्या माणसालाही पोटाशी चरबी आणि रक्तात साखर असते, म्हणून.

मला हा आकडा पाठ होता. त्यावरच्या सत्राचं क्रेडिटही मी घेतलं होतं आणि शेवटच्या प्रश्नमंजुषेत बरोबर उत्तरावर टिचकी मारली होती. तीन वर्षांत तो तीनदा आला: एकदा पाठदुखी, एकदा खोकला, एकदा फॉर्मवर सही. कॉम्प्युटर आठवण करून देतो, पण तो २५ वर. मी कॉम्प्युटरची वाट पाहिली.

त्या दिवशी मी आणखी तीस चार्ट काढले, सगळे आपल्या भागातल्या तरुण पेशंटांचे. किती जणांची तपासणी राहिली होती तो आकडा लिहीत नाही. फार वेळ खुर्चीतून उठले नाही, एवढं सांगते.

सीएमईच्या भाषेत डॉक्टरच्या कामात तीन प्रकारची फट असू शकते: माहीत नाही, माहीत आहे पण करता येत नाही, आणि करता येतं पण केलं जात नाही. पहिलीला लेक्चर चालतं. तिसरीला लेक्चर म्हणजे तुटलेल्या नळाखाली आणखी एक बादली. आणि फट कुठली आहे ते डॉक्टरला विचारून कळत नाही, कारण त्याला ती दिसतच नसते. त्यासाठी चार्ट बघावे लागतात, फार्मसीच्या नोंदी बघाव्या लागतात, पेशंटांच्या तक्रारी वाचाव्या लागतात, नर्सला विचारावं लागतं.

पुढच्या मीटिंगला मी माझे चार्ट नावं काढून टेबलावर ठेवले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "हे तुझं एकटीचं असेल." मी म्हटलं, तुमचे काढून बघू या. काढले. त्यांचं ते त्यांनी सांगावं.

मग आम्ही कॉम्प्युटरवाल्यांकडे गेलो की आशियाई पेशंटांसाठी आठवण २३ वर आणा. त्यांनी आणली, आणि तरी घंटा वाजेना. आठवडाभर डोकं खाजवल्यावर गुपित सांगितलं ते काउंटरवरच्या बाईंनी: "तुमचे इंडियन लोक वंशाचा रकाना रिकामा ठेवतात, नाहीतर 'अदर' लिहितात. गर्दीत मी तरी कुठे विचारत बसू?" मी घरी येऊन स्वतःचा फॉर्म पाहिला. रिकामा.

म्हणजे आमच्या 'डॉक्टरांच्या शैक्षणिक गरजे'तला मोठा तुकडा डॉक्टरांचा नव्हताच. यंदाच्या वसंतात त्या विषयावर वीस मिनिटांचं सत्र झालं. स्लाइड्स चारच, प्रत्येकासमोर त्याचे स्वतःचे दहा चार्ट, आणि पहिल्या रांगेत काउंटरच्या दोघी. त्यांना क्रेडिट देता येत नाही, म्हणून बेगलबरोबर त्यांच्यासाठी मी घरून चकल्या नेल्या. फीडबॅक मात्र पाचपैकी साडेतीन. 'यात नवीन काय?' असं कुणीतरी लिहिलं होतं. अक्षर ओळखीचं होतं.

मित्राचे डाग सुरुवातीचे आहेत, दृष्टी चांगली आहे, साखर आटोक्यात येते आहे. तो अजूनही माझ्याकडेच येतो. यंदा गणपतीत तिने मला मोदक वाढला आणि त्याच्या ताटातला अर्धा काढून घेतला. त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही. सत्रात बसलेल्या सगळ्यांचे चार्ट जानेवारीत पुन्हा काढायचे ठरले आहेत. माझे पहिले.