यंत्राच्या खोडींसकट

आठ बिटांच्या संगणकासाठी लिहिलेला खेळ त्या संगणकापासून सहजी सुटा करता येत नाही. आजचा खेळ निरनिराळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर सारखाच चालतो, कारण खेळ आणि यंत्र यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टीमचे आणि तयार लायब्रऱ्यांचे थर असतात. १९८०च्या दशकात हे थर जवळजवळ नव्हतेच. प्रोग्रामर थेट चिपला हुकूम सोडायचा, आणि चिपच्या माहितीपुस्तिकेत नसलेल्या तिच्या खोडीही कामाला लावायचा. त्यामुळे असा खेळ जपायचा तर त्या खोडीही जपाव्या लागतात. जुन्या संगणकांच्या हौशी दुनियेत माजी गेम प्रोग्रामर रमतात ते इथेच.

बीबीसी मायक्रो हे याचे चांगले उदाहरण. ब्रिटनच्या बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्याची मोहीम हाती घेतली, आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये हा संगणक बाजारात आणला. २ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ प्रोसेसर आणि ‘बी’ मॉडेलमध्ये ३२ किलोबाइट मेमरी, एवढाच त्याचा संसार. भारतातही १९८४-८५ पासून ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पात हीच यंत्रे शाळांना देण्यात आली. आज पन्नाशीत असलेल्या काहींनी आयुष्यातला पहिला कीबोर्ड बडवला तो याच यंत्राचा.

या ३२ किलोबाइटमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ हा अंतराळातल्या व्यापाराचा खेळ बसवला. तो सप्टेंबर १९८४ मध्ये निघाला. आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २०४८ ग्रह. एवढ्यांची नावे आणि माहिती साठवायला जागा कुठून आणायची? ती साठवलीच नाही. प्रत्येक ग्रह सहा बाइट्सच्या बीजातून निघतो: १६ बिटांच्या तीन संख्या, त्यांच्या बेरजेतून पुढची संख्या, तिच्यातून पुढची. ग्रहाचे स्थान, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था हे सारे याच संख्यांच्या बिटांवरून ठरते. नावेही दोन-दोन अक्षरांच्या जोड्या जुळवून तयार होतात. बीज तेच असल्यामुळे ग्रह दर वेळी तेच येतात. एका बीजातून मात्र असभ्य इंग्रजी नावाचा ग्रह निघाला, आणि त्यापायी ती अख्खी आकाशगंगाच रद्द करावी लागली.

पडद्याची क्लृप्ती याहून धाडसी होती. वरच्या भागात अंतराळयानांच्या रेषाकृती बारीक दिसायला हव्यात, तिथे रंग नसले तरी चालेल. खालच्या नियंत्रणफलकाला रंग हवेत, बारकाई कमी चालेल. बीबीसी मायक्रो एका वेळी एकच चित्रपद्धती देत असे. पण दोन पद्धतींमध्ये पडद्याच्या एका ओळीला सारखेच बाइट लागत. फरक इतकाच, की व्हिडिओ चिप एका बाइटचे आठ दुरंगी ठिपके करते की चार चौरंगी, हे तिच्याच एका रजिस्टरमधल्या काही बिटांवर ठरे. ब्रेबेन आणि बेल यांनी टायमर लावला. चित्र सेकंदाला ५० वेळा वरून खाली रेखले जायचे, आणि दर वेळी रेखणारा किरण नियंत्रणफलकाशी पोचला, की प्रोसेसर हातातले काम सोडून ते बिट बदलायचा.

असा खेळ आजच्या संगणकावर चालवायचा म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, अर्थात इम्युलेटर, लिहावा लागतो. आर्गोनॉट गेम्स या ब्रिटिश कंपनीत पूर्वी खेळ लिहिणारे मॅट गॉडबोल्ट यांचा ‘जेएसबीब’ हा असा इम्युलेटर आहे. तो जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला असून थेट ब्राउझरमध्ये चालतो. हेच गॉडबोल्ट प्रोग्रामर मंडळींना ‘कंपायलर एक्सप्लोरर’ या साधनामुळे अधिक परिचित आहेत. लिहिलेल्या कोडचे कंपायलर शेवटी कोणत्या यंत्रसूचनांत रूपांतर करतो, हे ते साधन दाखवते. दोन्हींमागची खोड एकच दिसते: यंत्र आत नक्की काय करते ते पाहिल्याशिवाय समाधान नाही.

प्रत्येक सूचनेचा अर्थ बरोबर लावला म्हणजे इम्युलेटर झाला, असे वाटणे साहजिक आहे. ते पुरत नाही. बीबीसी मायक्रोचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्‌झने धावतो, पण टायमरची चिप १ मेगाहर्ट्‌झची. तिच्याशी बोलताना प्रोसेसरला क्षणभर थबकावे लागते. मेमरीतला आकडा एकाने वाढवण्याची सूचना मिळाली, की ६५०२ आधी जुना आकडाच परत लिहितो आणि मग नवा. साध्या मेमरीत याने काही बिघडत नाही, पण तो पत्ता टायमरचा असला तर लिहिणे दोनदा झाले असे धरले जाते. शिवाय सूचनेच्या बाइटच्या २५६ शक्यतांपैकी अधिकृत सूचना फक्त १५१. उरलेल्यांपैकी काहींनी प्रोसेसर ठप्प होतो, तर काही दोन अधिकृत सूचनांची सरमिसळ करतात. चोरटी प्रत काढता येऊ नये म्हणून त्या काळी काही खेळांचा कोड सांकेतिक रूपात ठेवत, आणि तो उलगडताना टायमरचा त्या क्षणीचा आकडा किल्ली म्हणून वापरत. तिथे इम्युलेटर क्लॉकच्या एका ठोक्याने जरी चुकला, तरी खेळाऐवजी निव्वळ कचरा हाती येतो.

या खोडींचा उगम शोधायला काही हौशी अभ्यासक चिपच्या पोटात शिरले. ‘व्हिज्युअल ६५०२’ या प्रकल्पात चिपचे वेष्टन काढून तिचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले गेले, सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या जोडण्या गिरवल्या गेल्या, आणि त्यावरून पडद्यावर चालणारी प्रतिकृती तयार झाली. अनधिकृत सूचना तसे का वागतात हे तिच्यात दिसते: एकाच वेळी दोन वाटा उघडतात, एवढेच.

खरे यंत्र वापरणाऱ्यांचे प्रश्न वेगळे. चाळीस वर्षांच्या बीबीसी मायक्रोत पहिल्यांदा बदलायचे ते पॉवर सप्लायमधले कागदी कपॅसिटर. त्यांच्या आवरणाला तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि वीज जोडल्यावर थोड्या वेळात खोलीभर उग्र धूर होतो. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी आता मेमरी कार्ड लावता येते.

सर्वात रंजक जोडणी आहे रास्पबेरी पायची. क्रेडिट कार्डाएवढ्या आकाराचा हा स्वस्त संगणक फेब्रुवारी २०१२ मध्ये आला. तो आणणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत ‘एलिट’वाले ब्रेबेनही होते. त्याची ‘ए’ आणि ‘बी’ ही मॉडेलची नावे बीबीसी मायक्रोवरूनच घेतलेली. बीबीसी मायक्रोला ‘ट्यूब’ नावाची जोडणी आहे. तिथे दुसरा प्रोसेसर लावला, की मूळ यंत्र फक्त कीबोर्ड आणि पडदा सांभाळते. एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बनवलेला पहिला एआरएम प्रोसेसर एप्रिल १९८५ मध्ये याच ट्यूबमार्गे चालवून पाहिला गेला. तो इतकी कमी वीज खायचा, की एकदा त्याची वीजजोडणी राहून गेली होती, तरी इतर पिनांतून झिरपणाऱ्या प्रवाहावर तो चालत राहिला. रास्पबेरी पायमधला प्रोसेसर त्याच घराण्यातला. ‘पायट्यूबडायरेक्ट’ या हौशी प्रकल्पाने तो पुन्हा त्याच जोडणीला लावला. तिथे तो वेगवान ६५०२ची नक्कल करतो, हवे तर झेड८० किंवा जुन्या एआरएमचीही. ‘एलिट’ची दुसऱ्या प्रोसेसरसाठी काढलेली खास आवृत्ती त्यावर चालते. काळजी घ्यायची ती व्होल्टेजची: बीबीसी मायक्रोचे संकेत ५ व्होल्टचे, रास्पबेरी पायचे ३.३ व्होल्टचे. म्हणून दोघांच्या मध्ये व्होल्टेज उतरवणारी छोटी चिप बसवावी लागते.