दुसरा ग्लास कोण मागतं?

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला वीसेक माणसं होती. चकल्या संपत आल्या होत्या, मुलं बेसमेंटमध्ये दंगा करत होती, आणि माझे सासरे, अप्पा, कुठे दिसेनात. शोधत गेले तर गराजमध्ये कूलरपाशी उभे. हातात साध्या कोल्याचा कॅन, तोही अर्धा संपलेला. अप्पा ७६ वर्षांचे, मधुमेहाला २० वर्षं झालेली. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "अगं, सगळ्यांच्या हातात रंगीत ग्लास आणि मला तेवढं पाणी. पंगतीत बसवून वेगळं पान वाढल्यासारखं वाटतं."

रागवावं तर बोलणं खरं होतं. १२ औंसांच्या त्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ दहा चमचे. आणि डायट सोडा घरात नव्हता, कारण आम्हा नवराबायकोला त्याची चव आवडत नाही. घर दोघांचं असतं तेव्हा हे कारण पुरतं, वीस माणसं जेवायला असतात तेव्हा पुरत नाही.

अप्पा सांगलीला परत गेले आणि या मे महिन्यात पुन्हा आले. या वेळी ठरवलं, दिवाळीची वाट बघायची नाही. चार जुलैच्या सुट्टीत घरातच परीक्षा घ्यायची: मधुमेही पाहुण्यापुढे मानानं ठेवता येईल असा डायट सोडा कोणता?

परीक्षक पाच. अप्पा, सासूबाई, नवरा, पंधरा वर्षांची लेक, आणि शेजारच्या मूळ नागपूरच्या काकू, ज्या गेली तीस वर्षं डायट कोलाशिवाय जेवत नाहीत. मी वाढपी. चवी आठ: दोन प्रकारचे कोला, चेरी, लिंबू, संत्रं, क्रीम सोडा, रूट बिअर आणि जिंजर एल. सगळे कॅन आदल्या रात्रीपासून एकाच फ्रिजमध्ये. कागदी कपांवर फक्त आकडे, आणि प्रत्येकाला क्रम वेगळा. दोन कपांच्या मध्ये एक घोट पाणी आणि चार चुरमुरे. दहापैकी गुण द्यायचे आणि एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं: दुसरा ग्लास मागाल का?

पहिला धडा कोल्यानं दिला. पहिला घोट सगळ्यांना बरा वाटला, तक्रार नंतर. सासूबाई म्हणाल्या, "गोडी उशिरा येते आणि मग जायचं नाव घेत नाही." त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, पण त्याची गोडी जिभेला सावकाश कळते आणि रेंगाळते. सॅकरिनला मागून कडवट, धातूसारखी चव असते. म्हणून कंपन्या बहुधा दोन गोडकं एकत्र वापरतात, एकाची खोड दुसऱ्यानं झाकावी म्हणून. शिवाय साखर नुसती गोड नसते, ती पेयाला दाटपणा देते. ती काढली की राहतो तो पाणचटपणा. नेहमीचा कोला पिणाऱ्या माझ्या नवऱ्यानं दोन्ही कोल्यांना चार-चार गुण दिले. काकूंनी नऊ दिले आणि वर म्हणाल्या, "मला तर साखरेचाच चिकट लागतो." सवय झाली की तुलनाच उलटी होते.

रूट बिअरवर घरात दोन तट पडले. लेकीनं नऊ गुण दिले. सासूबाईंनी कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "हे प्यायचं की गुडघ्याला चोळायचं?" त्यांचंही चुकलं नाही. रूट बिअरच्या स्वादात विंटरग्रीनचा वास असतो आणि आपल्याकडच्या दुखण्याच्या मलमांतही तोच. इथे वाढलेल्या मुलांना त्या वासानं आइस्क्रीम आठवतं, आपल्याला पाठदुखी. संत्र्याला तापाच्या औषधाची उपमा मिळाली. क्रीम सोड्याच्या व्हॅनिलामुळे गोडी आणखीच वाढल्यासारखी वाटली. चेरी मधल्या बाकावर बसली.

वर आले लिंबू आणि जिंजर एल. या दोघांना सांगण्यासारखं स्वतःचं काहीतरी असतं. लिंबाचा आंबटपणा आणि आल्याचा चटका मागून येणारी चव झाकतात. कोला सतत साखरेची नक्कल करत राहतो आणि पकडला जातो. अप्पांनी जिंजर एलला साडेआठ गुण दिले, रिकामा कप पुढे केला आणि म्हणाले, "हा परत दे." पाचपैकी चौघांनी दुसरा ग्लास मागितला तो याचाच. मात्र दुकानातला साधा जिंजर एल साखरेनं भरलेला असतो, तेव्हा 'डायट' किंवा 'झीरो' वाचूनच घ्या.

अर्ध्या तासानं उरलेले कप पुन्हा चाखले. कोमट आणि बुडबुडे गेलेले. सगळ्यांचेच गुण घसरले. थंडपणा आणि गॅस गोडीला आवर घालतात, ते गेले की उरतो नुसता पाक. म्हणून डायट सोडा बर्फगार द्यावा आणि मोठी बाटली फोडून ठेवू नये.

मुळात हे पेय अप्पांसारख्यांसाठीच जन्माला आलं. ब्रुकलिनच्या हायमन कर्श यांनी १९५२ मध्ये 'नो-कॅल' काढलं ते मधुमेही रुग्णांना गोड काहीतरी पिता यावं म्हणून. बारीक होण्याचं वेड पुढचं: 'टॅब' आलं १९६३ मध्ये, 'डायट कोक' १९८२ मध्ये. या कथेत आपलं एक आडनावही आहे. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्याकडे शशिकांत फडणीस साखरेचे क्लोरीनयुक्त पदार्थ बनवत होते. त्यातला एक 'तपासून बघ' असं त्यांना सांगितलं गेलं, त्यांनी ऐकलं 'चाखून बघ', आणि खरंच जिभेवर ठेवला! तो निघाला साखरेच्या ६०० पट गोड. तेच आजचं सुक्रालोज. देवनागरीत लिहिलं तर इंग्रजीतले ते दोन्ही शब्द 'टेस्ट'च. अप्पांना ही गोष्ट इतकी आवडली की फोनवर अख्ख्या सांगलीला सांगून झाली.

याचा अर्थ डायट सोडा हे औषध आहे असा मात्र नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वजन कमी करण्यासाठी अशा गोडकांवर विसंबू नका असं सांगितलं. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. त्याच वर्षी अ‍ॅस्पार्टेम 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या गटात गेलं, पण रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम राहिली. आमच्या डॉक्टरांनी अप्पांना अधूनमधून एक ग्लास चालेल म्हटलं आहे. तुमच्या घरचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि एक लक्षात ठेवा: साखर अचानक उतरून घाम, थरथर सुरू झाली तर डायट सोडा काही कामाचा नाही. तेव्हा साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे अर्धा कप संत्र्याचा रस. तो फ्रिजमध्ये असू द्या.

गर्दीत कॅनची अदलाबदल होऊ नये यासाठी लेकीनं शाळेत शिकलेली युक्ती सांगितली. कूलरमध्ये बर्फाबरोबर पाणी ओता. साखरेचा कॅन जड, तो तळाला जातो. डायटचा हलका, तो वर तरंगतो.

गणपतीत तसंच केलं. आरती झाली, मोदक झाले, मंडळी कूलरभोवती जमली. कुणीतरी विचारलं, "अप्पा, तुम्हाला पाणी आणू ना?"

"पाणी कशाला?" अप्पा बाह्या सरसावत म्हणाले. "माझं वर तरंगतंय."