मजकूर गाळला आणि ड्यूरर घरोघरी पोचला

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचा हात सगळ्यात मोकळा सुटलेला कुठे दिसतो, तर एका प्रार्थनापुस्तकाच्या समासांत. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्यासाठी आउग्सबुर्गमध्ये १५१३ साली हे पुस्तक चर्मपत्राच्या पानांवर मोजक्याच प्रतींत छापलं गेलं. त्यातल्या एका प्रतीच्या समासांत ड्यूररने १५१५च्या सुमारास लाल, जांभळ्या आणि हिरवट शाईने चित्रं काढली. एका रेषेची वेटोळी होतात, वेटोळ्यांतून पक्षी निघतो, पक्ष्याशेजारी संत उभा असतो. क्रानाख, बाल्डुंग अशा इतर चित्रकारांनीही काही पानं सजवली. १५१९मध्ये सम्राट वारला आणि काम अर्धवट राहिलं. ड्यूररची पानं म्युनिकला गेली, उरलेली बरीचशी फ्रान्समधल्या बेझांसोंला. पुढची जवळजवळ तीन शतकं ही चित्रं फारशी कुणाच्या नजरेस पडली नाहीत.

१८०८मध्ये ती लोकांपुढे आली, ती दगडावरून छापून.

त्याआधी थोर चित्रकारांच्या रेखाटनांच्या प्रती निघत नव्हत्या असं नाही. पण त्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढाव्या लागत. राफाएलने खडू हलकेच फिरवून आणलेली सावली कोरणाऱ्याला आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीत बसवावी लागे. अठराव्या शतकात फ्रेंचांनी दातेरी चाकं फिरवून पत्र्यावर खडूचा खरबरीतपणा आणला आणि तो छान साधलाही, पण ती कारागिरी होती, रेखाटन नव्हे.

म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डरने १७९६ ते १७९८च्या दरम्यान शिळामुद्रण शोधून काढलं आणि ही अडचण सुटली. त्याला लागणारी बारीक कणांची चुनखडी बव्हेरियातच झोल्नहोफनला मिळते. तिच्या घोटलेल्या पृष्ठभागावर मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या खडूने किंवा तशाच तेलकट शाईने सरळ चित्र काढायचं. वरून किंचित आम्ल घातलेलं डिंकाचं पाणी फिरवलं, की कोरी जागा पाणी धरून ठेवते आणि रेषा तेल धरते. ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषेला चिकटते. कोरणं नाही, खोदणं नाही. कागदावर हात जसा चालतो तसाच दगडावर चालतो. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये पंचांग छापलं ते याच पद्धतीने, शिळाप्रेसवर.

योहान नेपोमुक श्ट्रिक्सनर १८०८मध्ये पंचविशीतला होता. त्याने ड्यूररचे समास दगडावर उतरवले आणि मूळ छटांची आठवण राहावी म्हणून छपाई रंगीत शाईत झाली. कवी गटे बेहद्द खूश झाला. पण श्ट्रिक्सनरने एक गोष्ट गाळली: मधला लॅटिन मजकूर. चौकट छापली आणि मध्ये कोरी जागा सोडली.

हे किरकोळ नव्हतं. एका समासात कोल्हा बासरी वाजवतोय आणि कोंबड्या भुलून ऐकताहेत. नुसतं चित्र पाहिलं तर इसापाची गंमत वाटते. त्या पानावरची प्रार्थना मात्र आहे, ‘आम्हांला मोहात पाडू नकोस’ या अर्थाची. दुसऱ्या पानावर पिसांचा साज घातलेला अमेरिकेतला आदिवासी उभा आहे. शेजारच्या स्तोत्रात पृथ्वी आणि तिच्यावर राहणारे सगळे देवाचे आहेत असं म्हटलंय. मजकूर काढला की ड्यूररमधला मिश्कील भाष्यकार नाहीसा होतो आणि उरतो तो नक्षीकार.

गंमत अशी, की उचलला गेला तो हा नक्षीकारच. कोरी चौकट पाहून तरुण जर्मन चित्रकारांना तिच्यात आपला मजकूर घालावासा वाटला. ऑयगेन नॉयरॉयथरने १८२९पासून गटेच्या कवितांभोवती असेच वेलीदार समास काढले, तेही दगडावरच. मला विचाराल तर श्ट्रिक्सनरची ही चूक त्याच्या अचूकपणापेक्षा जास्त फळली.

ड्यूररच्या समासांनंतर १८१० ते १८१६मध्ये श्ट्रिक्सनर आणि फर्डिनांट पिलोटी यांनी म्युनिकच्या राजसंग्रहातल्या रेखाटनांच्या चारशेहून अधिक शिळाप्रती काढल्या. त्यात दोन दगडांची युक्ती होती. एकावर काळ्या रेषा, दुसऱ्यावर तपकिरी किंवा करडी पार्श्वभूमी, आणि त्या पार्श्वभूमीत जिथे मूळ चित्रकाराने पांढऱ्या रंगाने उजेड दाखवला असेल तिथे दगड खरवडलेला. तेवढ्या जागी कोरा कागदच पांढरा रंग होऊन चमकतो. रंगीत कागदावरच्या रेखाटनाचा भास इतका पक्का, की पहिल्या नजरेला फसायला होतं.

दगडावरचं चित्र छापताना उलटं उमटतं, म्हणून नक्कल करणाऱ्याला ते आधीच उलटं काढावं लागतं. तसं न करणारेही होते. लिओनार्दो डावखुरा, त्याच्या सावलीच्या रेघा डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे खाली उतरतात. प्रत उलटी छापली, की तो उजव्या हाताचा होऊन बसतो.

१८६०च्या दशकात आडोल्फ ब्रॉनने संग्रहालयांतल्या रेखाटनांचे कार्बन पद्धतीचे फोटो विकायला काढले आणि नकलेसाठी दगडाची गरज संपत गेली. तरी जुन्या शिळाप्रती आजही बाजारात येतात, कधीकधी ‘मूळ रेखाटन’ म्हणून. अशी एखादी समोर आली तर भिंग लावा. खडूची रेघ बारीक, अनियमित ठिपक्यांची दिसेल, पण शाई सगळीकडे सारखीच सपाट बसलेली. खरा खडू कागदाच्या उंचवट्यांवर भुकटीसारखा राहतो. तांब्याच्या पत्र्याचा दाबलेला चौकोन नसेल. खालच्या कडेला बारीक अक्षरांत नक्कल करणाऱ्याचं नाव असेल, तर ते आधी वाचा. आणि ड्यूररचे समास पाहायचे असतील तर बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयाने मूळ पानं इंटरनेटवर ठेवली आहेत, मजकुरासकट.