लेबल, टेप आणि ट्रे : त्वचेच्या दवाखान्यातली शिस्त

३१ जानेवारी २०२१. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी इथे पोलिओ लसीकरण सुरू होतं. तिथे पाच वर्षांखालच्या बारा मुलांना डोसऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. चूक लक्षात आल्यावर मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल केलं. सगळी मुलं बचावली. देशभर बातमी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली.

त्या घटनेचा त्वचारोगाशी संबंध नाही. पण ज्या दवाखान्यात रंगहीन द्रवांच्या बाटल्या शेजारीशेजारी उभ्या असतात, तिथल्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी अशीच आहे. त्वचेच्या खासगी दवाखान्यात तर अशा बाटल्यांची रांगच असते. वांग आणि मुरमांचे डाग घालवायला वापरतात ते ग्लायकोलिक आम्ल ३५ टक्क्यांचंही मिळतं आणि ७० टक्क्यांचंही. दोन्ही दिसायला पाण्यासारखी. ग्लायकोलिक वेळेत सोडिअम बायकार्बोनेटच्या द्रावणाने शमवावं लागतं, म्हणून टायमर लावूनच ते चेहऱ्यावर चढवतात. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल तसं शमत नाही. त्वचेवर पांढरट साय धरते, तिच्यावरून आम्ल किती खोल गेलं ते डॉक्टर ओळखतात. मोठ्या बाटलीतून वाटीत ओतलेलं आम्ल वाटीवर नाव न लिहिता ठेवलं, तर पुढचा माणूस अंदाजाने काम करणार. म्हणून चांगल्या दवाखान्यात लेबलावर नाव, टक्केवारी आणि बाटली उघडल्याची तारीख असते. लावण्याआधी एकजण ते मोठ्याने वाचतो, दुसरा ऐकतो. याला पैसे लागत नाहीत, सवय लागते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा इथल्या वेटिंग रूममध्ये मात्र सौंदर्यासाठी आलेल्यांपेक्षा खाजेने बेजार झालेलेच जास्त दिसतील. कपाशीच्या रानात घामाने भिजलेल्या कपड्यांत दिवसभर राबणाऱ्यांना गजकर्ण लवकर धरतं. गाजरगवताच्या अॅलर्जीने चेहरा आणि मान जाड, काळी पडलेली माणसंही येतात. यांतल्या बहुतेकांनी आधी मेडिकलमधून एक ट्यूब नेलेली असते. तिच्यात बुरशीवरचं औषध, प्रतिजैविक आणि जोरकस स्टेरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. स्टेरॉइड लावून लावून जांघेतली कातडी पातळ होते, तिच्यावर चरे पडतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा बाह्य स्टेरॉइडं ‘एच’ अनुसूचीत घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानाच्या काउंटरवर हा नियम अजून पुरता उतरलेला नाही.

दरम्यान बुरशीही बदलली. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ ही जात भारतीय उपखंडातल्या रुग्णांत सापडली. २०२० मध्ये तिला मिळालेल्या नावातच भारत आहे. अशा वेळी दर्जाची पहिली खूण म्हणजे चट्ट्याच्या कडेची साल खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तपासणी पाच-दहा मिनिटांची. ती झाली की औषध अंदाजावर लिहावं लागत नाही. दुसरी खूण म्हणजे फिकट चट्टा दिसला की कापसाने स्पर्श करून तिथली संवेदना तपासणं. कुष्ठरोगाची सुरुवात अनेकदा अशाच बधिर चट्ट्याने होते, आणि त्याचे उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

भिंतीवर काय टांगलंय, हेही रुग्णाने बघायला हवं. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर छापणं बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा असावा. नावापुढे त्वचारोगाची पदवी किंवा पदविका असावी, नुसतं ‘कॉस्मेटिक’ काहीतरी प्रमाणपत्र नव्हे. केसरोपणात रुग्ण दगावल्याच्या बातम्यांनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्योपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.

आता अवजारं निर्जंतुक करणाऱ्या, कोपऱ्यातल्या ऑटोक्लेव्हकडे येऊ. त्याचं तत्त्व घरच्या कुकरचंच : कोंडलेली वाफ, वाढलेला दाब, शंभरापुढे गेलेलं तापमान. नुसत्या उकळत्या पाण्यात जिवाणूंचे बीजाणू तगून राहतात. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली किमान पंधरा मिनिटं वाफ लागली की ते मरतात. चामखीळ काढायच्या, तीळ कापायच्या अवजारांचं पाकीट आत जातं तेव्हा त्यावरच्या टेपवर फिकट पट्टे असतात; बाहेर येतात तेव्हा ते काळे झालेले असतात. पण टेप एवढंच सांगते की उष्णता पाकिटापर्यंत पोहोचली. जंतू खरोखर मेले का, हे बीजाणूंच्या कुपीने कळतं. ती फेरीत टाकायची, मग उबदार जागी ठेवायची. जांभळ्या द्रावणाचा रंग पिवळा झाला तर यंत्र नापास. फेरी अर्ध्यावर असताना वीज गेली, तर उरलेली मिनिटं जोडून चालत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात वीज ये-जा करणाऱ्या गावात हा नियम पाळायला चिकाटी लागते.

ही चिकाटी नसली की काय होतं, ते अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात दिसलं. रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तातले प्लेटलेट सुयांनी चेहऱ्यात सोडणाऱ्या एका स्पामध्ये किमान तीन ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये नोंदवलं. तिथे एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरल्या जात होत्या आणि रक्ताच्या नळ्यांवर नावं नव्हती. प्लेटलेटचे उपचार आता जिल्ह्याच्या गावांतही होतात, म्हणून ही गोष्ट दूरची मानू नये.

लेझरचं गणित वेगळं. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त. ते प्रकाश शोषतं आणि तापतं. गोऱ्या कातडीला मानवणारी मात्रा इथे भाजते, मागे काळा डाग ठेवते. म्हणून केस काढायला १०६४ नॅनोमीटरसारखी लांब लहरलांबी तुलनेने सुरक्षित ठरते, आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोटा ठिपका मारून काही दिवस थांबणं शहाणपणाचं. मे महिन्यात यवतमाळचा पारा चव्वेचाळीसपर्यंतही जातो. उन्हात रापून आलेल्या रुग्णाला परत पाठवणारा डॉक्टर कमाई सोडतो, पण बरोबर वागतो. खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्याच लहरलांबीचा चष्मा हवा, रुग्णाच्या सोबत आलेल्या आईच्याही.

त्वचेतून काय काय आत जातं, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेत जीव गमावून पाहिलं. अकोल्यात एका कुटुंबातल्या तीन महिलांची मूत्रपिंडं उजळपणाच्या क्रीमने बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा सापडला. सौंदर्यप्रसाधनांत नकळत राहून गेलेल्या पाऱ्याची कायदेशीर मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी थोडी आहे. स्वतःच्या डबीत भरलेलं बिननावाचं क्रीम देणारा दवाखाना कितीही स्वस्त असो, तिथून उठून यावं.

कचऱ्याचा नियम २०१६ चा, आणि एका खोलीच्या दवाखान्यालाही तो सुटलेला नाही. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. प्रक्रिया न केलेला कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

शेवटची गोष्ट ट्रेची. जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या एका इंजेक्शनने क्वचित एखाद्याला जोराची अॅलर्जी होते : घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. तेव्हा मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनॅलिन मिनिटांत जायला हवं. वणीहून यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय शंभरावर किलोमीटर आहे. अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसता येत नाही. म्हणून ट्रेमध्ये अॅड्रेनॅलिन, सिरिंज, ऑक्सिजनचा मास्क, सलाइन, आणि झाकणावर चिकटवलेला कागद : औषध कधी मुदतबाह्य होतं, शेवटचं कोणी तपासलं. इंजेक्शन घेण्याआधी तो ट्रे दाखवा म्हणणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि नीट चालणाऱ्या दवाखान्यात कंपाउंडर कपाळाला आठी न घालता तो लगेच समोर आणून ठेवतो.